पाच ग्रॅमचा हिशेब

इंदूरच्या सराफ्यात रात्री दागिन्यांच्या पेढ्यांना कुलपे लागली, की त्यांच्याच ओट्यांवर कढया चढतात, आणि दिवसभर गुंज-गुंज तोलणाऱ्या त्या गल्लीत वजनाची पर्वा कोणीच करीत नाही. आम्ही मराठी मंडळी आधी भुट्ट्याचा कीस, थंडी असल्यास गराडू हा तळलेला कंद आणि शेवटी रबडीसह जिलबी, हा क्रम सहसा मोडत नाही. तोलण्याचे काम त्या वेळी स्वादुपिंडाकडे गेलेले असते.

निरोगी प्रौढ माणसाच्या उपाशीपोटी साऱ्या रक्तात मिळून जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर ग्लुकोज असते, आणि सराफ्यातल्या एका थोरल्या जिलबीत त्याच्या कितीतरी पट साखर असते. हा हिशेब सांभाळणाऱ्या, स्वादुपिंडातल्या पेशींची बेटे पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने १८६९ साली बर्लिनमध्ये पाहिली, पण त्यांचे काम काय, हे त्याला उमगले नव्हते. त्यांतून निघणारे इन्सुलिन कोणत्याही नळीवाटे न जाता थेट रक्तात उतरते, यकृताला साखर साठवण्यास आणि स्नायूंना ती आत ओढून घेण्यास सांगते आणि काही मिनिटांतच ओसरू लागते. निरोप सतत नव्याने धाडावा लागतो.

मला यातली सर्वांत लोभस गोष्ट आतड्याची वाटते. तेवढेच ग्लुकोज शिरेतून दिले तर इन्सुलिन कमी स्रवते आणि तोंडावाटे घेतले तर बरेच अधिक, कारण अन्न पोहोचताच आतड्याच्या भिंतीतील पेशी स्वतःचे संप्रेरक सोडून स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देतात. खवय्याच्या शरीरात इतकी दूरदृष्टी असावी, हे नवलच.

दुर्दैवाने वेळ मात्र आमची चुकते. अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे झोपेची वर्दी देणारे संप्रेरक वाढू लागते, तसा इन्सुलिनचा हात आखडतो, आणि सकाळी सहज पचनी पडणारे तेच जेवण रात्री रक्तातील साखर अधिक चढवते. सराफा नेमका तेव्हाच रंगात येतो. त्यावर एक उतारा शरीरानेच ठेवला आहे: चालताना आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर उचलतात. गाडी राजवाड्यापलीकडे लांब लावावी लागते म्हणून घरातले कुरकुरतात. त्या कुरकुरीत मी सामील होत नाही.