तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या गाडीचा रेडिएटर होज मिळतो कुठून?

क्लासिक गाडी आहे म्हटलं की लोक आधी अ‍ॅव्हरेज विचारतात आणि मग लगेच, अहो पण ह्याचे पार्ट मिळतात का, रेडिएटरचे होज पाइप, म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमध्ये पाणी नेणारे रबरी पाइप, तर कंपनीने कधीच बंद केले असतील ना? केलेच असतील. पण म्हणून अडत नाही काही.

माझं उत्तर ठरलेलं आहे, गाडीच्या नावाने शोधू नका, मापाने शोधा. काउंटरवर मॉडेल आणि साल सांगितलं की समोरचा आधीच मान हलवतो, पण तेच आतला व्यास 38 मिमी, एका टोकाला काटकोन आणि दुसरीकडे थोडासा बाक, असं म्हटलंत की तोच माणूस वरच्या फळीवरून दोनचार पाइप काढून समोर टाकतो. पाइपला कुठे माहीत असतं तो कुठल्या गाडीचा आहे!

आता माप. जुना पाइप मोजत बसू नका, उष्णतेने आणि ऑइलने तो फुगलेला असतो, शिवाय आधीच्या मालकाने कुठल्या गाडीचा बसवलाय देव जाणे. व्हर्निअर (व्यास मोजायची पट्टी) घ्या आणि नेक, म्हणजे पाइप ज्यावर चढतो ते नळीसारखं तोंड, मोजा, रेडिएटरचा वेगळा आणि इंजिनकडचा वेगळा, कारण दोन्ही सारखे असतीलच असं नाही. जुन्या गाड्यांचं बरंचसं गणित इंचात असतं, सव्वा इंच म्हणजे 32 मिमी, दीड म्हणजे 38, पावणेदोन म्हणजे 44 च्या आसपास. मोठा पाइप क्लिपने आवळून बसवायचा जुगाड करू नका, रबराला चुणी पडते आणि पाणी बरोबर त्या चुणीतूनच येतं.

आकारासाठी हाताने वाकेल अशी जाड तार घ्यायची आणि एका नेकच्या मधोमधून दुसऱ्या नेकपर्यंत वाकवत न्यायची. फॅन आणि बेल्टपासून चांगलं अंतर ठेवा, इंजिन माउंटिंगवर हलतं हे विसरू नका. ती तार घेऊनच दुकानात जायचं आणि पाइपांवर धरून बघायची. अख्खा पाइप जुळायला पाहिजे असंही नाही, एखाद्या लांबलचक पाइपमधला आपल्याला हवा तेवढा बाक कापून घेता येतो, फक्त दोन्ही टोकांना नेकवर चढायला इंचभर सरळ भाग राहू द्या.

खालचा पाइप घेताना जरा जास्त लक्ष द्या. तो वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, त्यामुळे मऊ पडला की रेस केल्यावर आत चिपकतो आणि गाडी गरम होते, आणि आपण बिचाऱ्या थर्मोस्टॅटला, म्हणजे गरम पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेला, शिव्या घालतो. म्हणून बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत स्प्रिंग असते. जुन्यात असेल तर काढून साफ करून बघा, गंजलेली असेल तर फेका आणि नवीन टाका.

काहींना जुन्या स्टॉकमधला ओरिजिनल पाकिटबंद पाइप सापडला की लॉटरी लागल्यासारखं होतं. बाकी पार्टचं ठीक आहे हो, पण रबर फळीवर पडून पण म्हातारं होतं, तो पाइप शोकेसमध्ये ठेवा, गाडीत नको. सिलिकॉनचा शौक असेल तर करा, उष्णता मस्त सोसतो, पण ऑइल लागलं की खराब होतो आणि खाचांची साधी क्लिप त्याला कापते, आतून गुळगुळीत असलेली लागते. साध्या इंजिनला चांगला ईपीडीएम रबराचा पाइप भरपूर झाला, जुन्या गाड्यांच्या रेडिएटरच्या कॅप, म्हणजे आतला दाब धरणारी झाकणं, तशाही बऱ्याचदा 4 किंवा 7 पीएसआय दाबाच्या. आणि ती कॅप बदलून 15 ची लावू नका प्लीज, पाइप टिकेल पण रेडिएटरचे जुने झाळलेले जोड सुटतील.

बसवताना नेक घासून स्वच्छ करा, क्लिप नेकच्या उंचवट्याच्या मागे घ्या आणि गाडी एकदा गरम होऊन पूर्ण थंड झाली की परत आवळा. हीटर असेल तर त्याचे पाइपही ह्याच वेळी उरकून टाका, ते सरळच असतात बहुतेक, 16 नाहीतर 19 मिमी, मीटरवर मिळतात, त्यात शोधण्यासारखं काही नाही.