कपाटाच्या दारांचं वशिंड

बंद झालेल्या एका कार्यालयाचं भंगार आमच्या शेडमध्ये आलं होतं: लोखंडी कपाटं, फिरत्या खुर्च्या आणि वाकवलेल्या क्रोम पाइपांच्या खुर्च्या. त्यातून खिलार जातीच्या वळूचं शिल्प उभं करायचं होतं. सांगाडा तयार होता. त्या दिवशी वशिंड आणि शिंगं बसवायची होती. खिलाराची ओळखच या दोन गोष्टींत, म्हणून इथे तडजोड चालत नाही.

फिरत्या खुर्च्यांचे गॅस सिलिंडर आधी बाजूला काढले. त्यांत दाबाखाली नायट्रोजन असतो. कटर, ग्राइंडर, वेल्डिंग, काहीच लावायचं नाही. तापला तर फुटून जीव घेऊ शकतो. हे काम नवख्या हातांत कधीच देऊ नये.

वशिंडासाठी कपाटाची दारं घेतली. मागची पट्टी स्पॉट वेल्डने चिकटलेली असते. ८ मिलिमीटरच्या ड्रिलने ते टिपके उडवले की ती सुटते. मग पत्रा वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोड्याने कडेकडून मध्याकडे गोल फिरत ठोकायचा. कडेला सुरकुती उठली की तिथल्या तिथे बसवायची. ती दुमडली तर पत्रा चिरतोच.

पत्रा जेमतेम ०.८ मिलिमीटरचा. साध्या आर्क वेल्डिंगने भोकं पडतात, म्हणून मिग वेल्डिंग, म्हणजे बारीक तार आपोआप पुढे सरकत वितळते ते, आणि ०.८ मिलिमीटरची तार. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा रंग घासून काढायचा, नाहीतर वेल्ड सच्छिद्र होतो. वेल्डचे टाके १०-१५ मिलिमीटरचे, एक इथे तर पुढचा लांब, म्हणजे उष्णता एका जागी साठून पत्रा फुगत नाही. तरी दुपारी डावी बाजू फुगली. बोटाने दाबली की टक्कन आत, सोडली की बाहेर. फुगवट्याच्या मध्यावर रुपयाएवढा ठिपका लाल होईपर्यंत तापवून ओलं फडकं लावलं. पत्रा आकसला. असे आणखी दोन-तीन ठिपके दिल्यावर वशिंड ताठ झालं. हे पाहणं मला आजही फार आवडतं.

शिंगांना एकाच खुर्चीचे दोन्ही हात घेतले, म्हणजे बाक आरशासारखा जुळतो. टोक निमुळतं करायला पाइपला पाचरी कापून, दाबून जोडलं. वेल्डिंगआधी क्रोम घासून काढावाच लागतो. त्याचा धूर विषारी, तेव्हा घासतानाही श्वसनमास्क हवाच. दोन्ही तोंडं बंद करण्याआधी पाइपला बारीक छिद्रही हवं, नाहीतर आतली गरम हवा शेवटचा टाका उडवते.

वळू उघड्यावर उभा राहणार, म्हणून पोटाच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायला भोकं पाडली आणि मगच रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंजरोधक रंगाचा, पहिला हात दिला.