मायक्रोटिक आणि जुना सिस्को, दोघांत एकच गेटवे: तिसरा आठवडा

काल रात्री साडेअकराला जमलं एकदाचं. मायक्रोटिक राउटरचा अॅडॉप्टर काढला, नेट आपोआप दुसऱ्या राउटरवर, जुन्या सिस्कोवर गेलं, आणि वर ऑफिसात दादा ई-वे बिल भरत बसलेला त्याला कळलंसुद्धा नाही.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. घर सांगलीत, विश्रामबागला, खाली आम्ही राहतो, वर दादाचं हळदीच्या व्यापाराचं ऑफिस. फायबर मायक्रोटिकवर आणि फोरजीचा डबा एका सेकंडहँड सिस्कोवर. पावसाळ्यात कुठं ना कुठं रस्ता उकरलेला असतोच, फायबर तुटलं की मी घरी असो नसो, फोन यायचा आणि एकेका पीसीचा गेटवे (बाहेर जायला ज्या राउटरकडं जायचं त्याचा पत्ता) हातानं बदलायला लागायचा. म्हणून दोन राउटरनी मिळून एकच गेटवे चालवायचा, एक गेला की दुसरा पुढं. यासाठीचा एचएसआरपी प्रोटोकॉल सिस्कोचा स्वतःचा, त्यामुळं दोन कंपन्यांत बसवायचं तर त्याच कामाचा व्हीआरआरपीच. मायक्रोटिक १९२.१६८.१०.२, सिस्को .३, आणि दोघांच्यात मिळून व्हर्च्युअल .१ (हाच सगळ्या पीसींचा गेटवे), ग्रुप नंबर १०.

मागच्या आठवड्यात अडकलो होतो ते इथंच, दोघंही स्वतःला मास्टर, म्हणजे .१ चालवणारा, समजत होते. चार पिंग जायचे, तीन गळायचे, परत दोन जायचे. शेवटी पॅकेट पकडून बघितले. व्हीआरआरपीचे पॅकेट २२४.०.०.१८ ला जातात, प्रोटोकॉल ११२, म्हणून तेवढेच गाळून घेतले, तर एकाचा पहिला बाइट हेक्समध्ये २१ आणि दुसऱ्याचा ३१. त्यातला पहिला आकडा म्हणजे व्हर्जन! सिस्को व्हर्जन २ बोलतोय, मायक्रोटिक ३, आणि समोरच्याचं पॅकेट दोघंही टाकून देतायत. त्यात व्हर्च्युअल मॅक (.१ चा हार्डवेअर पत्ता) दोघांचा एकच, ००-००-५ई-००-०१-०ए, शेवटचं ०ए म्हणजे हेक्समध्ये आपला ग्रुप १०, मग स्विच तरी काय करणार, तोच मॅक कधी या पोर्टवर कधी त्या पोर्टवर. मायक्रोटिकला व्हर्जन २ केलं, इंटरव्हल (मास्टर ‘मी आहे’ म्हणून किती वेळानं पॅकेट पाठवतो तो) दोन्हीकडं १ सेकंद (व्हर्जन २ मध्ये हा जुळलाच पाहिजे, नाहीतर परत तेच), ऑथेंटिकेशन काढून टाकलं, आणि सिस्को लगेच बॅकअपवर गेला.

मग दुसरंच. ८.८.८.८ ला (गूगलचा पत्ता) पिंग जातंय पण एकही साइट उघडत नाही. .१ च्या मॅकवर आलेलं ट्रॅफिक मायक्रोटिकमध्ये व्हीआरआरपी इंटरफेसवरनं आत येतं, तो इंटरफेस मी लॅनच्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, लिस्टमध्ये टाकलेलाच नव्हता, त्यामुळं फायरवॉल डीएनएस (साइटच्या नावावरनं आयपी विचारणं) अडवत होता. लिस्टमध्ये टाकला. शिवाय डीएनएससाठी आता .२ आणि .३ च देतो, ते जास्त बरं वाटतं. आणि मायक्रोटिकवर .१ देताना /३२ (तेवढा एकच पत्ता) द्या, /२४ (अख्खं नेटवर्क) नको.

मास्टर गेल्यावर बॅकअप किती वेळानं पुढं येतो, त्या वेळेचं गणित मला फार आवडलं. तीन इंटरव्हल, अधिक २५६ मधनं बॅकअपची प्रायॉरिटी (ज्याची जास्त तो मास्टर) वजा करून भागिले २५६. सिस्कोची १००, म्हणजे ३ अधिक ०.६१, साधारण ३.६ सेकंद. अॅडॉप्टर काढून पाच वेळा बघितलं, दर वेळी तीन नाहीतर चार पिंग गळाले. कागदावरचं गणित समोर तसंच्या तसं घडताना बघायला लय भारी वाटतं.

पण खरी गोष्ट पुढं आहे. व्हीआरआरपी राउटर जिवंत आहे का एवढंच बघतं, लाइन जिवंत आहे का ते नाही. आमच्याकडं राउटर कधीच जात नाही, जातं ते फायबर! लाइनवर नजर ठेवायला सिस्कोवर ट्रॅक लावता येतं, पण फायबर आहे मायक्रोटिकवर, तिथं त्याच कामाला नेटवॉच आणि स्क्रिप्ट. बाहेरचा एक पत्ता पिंग करायचा, त्या पत्त्याचा रूट फक्त फायबरवरनं बांधून ठेवायचा, पिंग बंद झालं की मायक्रोटिकची प्रायॉरिटी १५० वरनं ८०, म्हणजे १०० वाला सिस्को पुढं येतो. परत आलं की लगेच १५० करू नका. परवा जोडणीवाला वायर हलवत होता तेव्हा लाइन पाच मिनिटांत चार वेळा आली-गेली आणि गेटवे पण तेवढ्याच वेळा फिरला, वहिनीचा व्हिडिओ कॉल दर वेळी कट. नॅटचं टेबल (आतल्या कुठल्या पीसीचं कुठलं कनेक्शन याची नोंद) दोघांचं वेगळं, बाहेरचा आयपी वेगळा, चालू कनेक्शन तुटणारच, त्याला इलाज नाही. म्हणून ६० सेकंद थांबायला लावलं, तर त्यातही घोळ: थांबलेल्या ६० सेकंदांत लाइन परत गेली तरी स्क्रिप्ट पुढं जाऊन १५० करून टाकते. आता थांबून झाल्यावर ती पुन्हा पाच पिंग करते, पाचही आले तरच वाढवते. काल रात्री फायबरची पॅच कॉर्ड काढून-लावून तासभर बघितलं, एकदाही चुकलं नाही.

राहिलंय ते डीएचसीपी, म्हणजे मोबाईल-पीसींना आपोआप आयपी वाटणं. सर्व्हर अजून फक्त मायक्रोटिकवर आहे आणि लीज (दिलेल्या आयपीची मुदत) १० मिनिटांची, तो बंद राहिला तर मोबाईल एकेक करून गळतील. पूल वाटून देणार, .१०० ते .१४९ मायक्रोटिक, .१५० ते .१९९ सिस्को, गेटवे दोघांकडं .१ च. आयपीव्ही६ साठी व्हर्जन ३ ला जावंच लागेल पण ते दिवाळीच्या सुट्टीत. आणि दोन्ही राउटर ज्या एका आठ पोर्टच्या स्विचवर लटकलेत त्याला आज सकाळी इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला.