तुम्ही विचारलंत म्हणून: रहाडीतली उडी

“सगळं मनातलंच लिहायचं, मग त्याला कार्यशाळा कशाला?” अद्भुतकथांच्या चार दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आल्यापासून हा प्रश्न मला वाचनालयात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर भाजी घेतानाही विचारलाय. आज नीट सांगते.

मी गेले ती एका कादंबरीची पहिली वीस पानं घेऊन. गोष्ट रहाडीची. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनचे मोठे हौद आहेत. शनी चौकात आहे, तिवंधा चौकात आहे. वर्षभर ते फळ्या-मातीखाली बुजलेले असतात आणि वरून गाड्या धावतात. रंगपंचमीला उघडतात, पूजा होते, रंगाचं पाणी भरतं आणि माणसं त्यात धप्पा मारतात, म्हणजे उडी घेतात. माझ्या कथेतल्या रहाडीत धप्पा मारणारा वर येतो तो दुसऱ्याच नाशकात.

कार्यशाळेतली रीत अशी, की सगळे गोल बसतात, एकेक जण तुमच्या लिखाणावर बोलतो आणि सगळ्यांचं होईपर्यंत तुम्ही तोंड उघडायचं नाही. अमेरिकेत १९६८ साली सुरू झालेल्या ‘क्लॅरियन’ कार्यशाळेतही हीच पद्धत आहे. मला ती आधी जाचली. पण पुस्तक घरी नेणाऱ्या वाचकाशेजारी मी थोडीच बसणार आहे, “अहो, पुढे कळेल” असं सांगायला!

माझ्या वीस पानांपैकी अकरा पानांत त्या दुसऱ्या नाशकाचे राजे, सात पेठा आणि तीन शाप होते. बहुतेकांनी ती पानं नुसती चाळली होती. मग पिंपळगावचा, घरची द्राक्षबाग सांभाळणारा एक मुलगा म्हणाला, “ताईंनी रहाड छान लिहिलीय. पण माणसं उडी मारतात कशाला? काय हवंय त्यांना?” बोलायची परवानगी असती, तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शिकवणाऱ्या बाईंनी त्या दिवशी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किन यांच्या १९३९ च्या व्याख्यानातला एक मुद्दा सांगितला. ‘हिरवा सूर्य’ असं कुणीही म्हणू शकतं. तो सूर्य जिथे खरा वाटेल असं जग उभं करायला मात्र कष्ट पडतात. मी वहीत लिहून घेतलं, पण ते कष्ट नेमके कुठे घ्यायचे हे कळलं तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, गोदाघाटावर.

ऑगस्ट होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं. (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) फुलवाल्या मावशींनी पोराला विचारलं, “मारुतीच्या कुठवर आलं रे?” तो म्हणाला, “गुडघ्याच्या वर.” मावशींनी टोपल्या आवरायला घेतल्या. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही आमची पूर मोजायची पट्टी. २०१९ च्या पुरात तो अख्खा बुडाला होता. धरणातून किती क्युसेक सुटलं हे मावशींनी विचारलं नाही, दोन तोंडांचा देव पाण्यात का उभा आहे हे मला कुणी समजावलं नाही. टोपल्या उचलल्या गेल्या आणि मला सगळं समजलं. माझ्या अकरा पानांत कुणीही टोपली उचलत नव्हतं.

घरी येऊन ती पानं काढून टाकली. आजी सांगायची, भर दुपारी डोहावर जायचं नाही, तिथे साती आसरा असतात. आसरा कोण, कुठून आल्या, ते तिनं कधी सांगितलं नाही. भीती पुरेशी होती आणि नियम पक्का होता. तसा एकच नियम मी रहाडीला दिला: जो धप्पा मारेल तो आपल्या एका माणसाचा आवाज कायमचा विसरेल. मग त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. फळ्या उचलणाऱ्या बाईचा धाकटा भाऊ पुरात गेलाय, पलीकडच्या नाशकात तो जिवंत आहे. राजे पुन्हा लागलेच नाहीत.

नियमांचे तक्ते आणि नकाशे आधी करून ठेवा, असंही कार्यशाळेत सांगत होते. ते मला पटलं नाही. तक्त्यात सगळं बसलं की गोष्ट सरकारी परिपत्रकासारखी वाचली जाते. पण केलेला नियम मध्येच सैल करायचा नाही, हे मी मनापासून मानते. मध्यावर आल्यावर या बाईला एकदा सूट द्यावी असं मला फार वाटलं. दिली असती तर आधीच्या प्रत्येक उडीची किंमत गेली असती.

आता ती दुसऱ्यांदा काठावर उभी आहे. पहिल्या उडीत नवऱ्याचा आवाज गेला. उरलेत आई आणि लेक. गेले आठ दिवस मी याच पानावर आहे.