रमेना, रमेना

जिरोनात पहिले दोन दिवस पाऊस होता आणि माझं मन काही रमेना. बार्सिलोनाहून वेगवान गाडीने जेमतेम चाळीस मिनिटं, म्हणून हौसेनं चार दिवसांची खोली घेतली होती. ओन्यार नदीकाठची पिवळी-केशरी घरं पाहिली, ज्यूंच्या जुन्या वस्तीतल्या बोळांत भिजून झालं, कॅथीड्रलमध्ये मान दुखेपर्यंत वर पाहिलं. आतलं दालन जवळजवळ २३ मीटर रुंद, आणि मध्ये एकही खांब नाही! पण ओल्या बुटांत कौतुक तरी किती वेळ करणार?

तिसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंनी स्वयंपाकघरात बोलावलं. सत्तरी ओलांडलेल्या बाई. नातवंडं त्यांना 'इआया' म्हणतात, म्हणजे आजी. मीही तेच म्हणू लागले. तारीख १९ मार्च, संत जुझेपचा दिवस. त्या दिवशी स्पेनच्या या कॅटलोनिया प्रांतात घरोघरी क्रेमा होते, म्हणजे दूध-अंड्यांचं गोड कस्टर्ड. आपण बाहेरचे तिला 'क्रेमा कातालाना' म्हणतो. जुझेप नावाची माणसं तिथे पैशाला पासरी, आणि त्या सगळ्यांचा हा नामदिवस. फुटबॉलवाला पेप ग्वार्दिओला हाही मुळात जुझेपच.

ओट्यावर सामान मांडलेलं होतं: एक लिटर दूध, आठ अंडी, २०० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, एक लिंबू, दालचिनीची कांडी. लिंबाची साल सोलायला मला दिली. मी जोर लावून जाडजूड सोलली, तर इआयाने तो तुकडा उलटा करून आतला पांढरा भाग नखानं दाखवला आणि तोंड कडू केलं. भाषा लागलीच नाही. फक्त पिवळा पापुद्रा हवा. तो आणि दालचिनी दुधात घालून दूध तापवलं आणि झाकून ठेवलं. कॉर्नफ्लोअरसाठी वाटीभर गार दूध आधीच बाजूला काढलेलं होतं. आठ बलक साखरेबरोबर फिकट होईपर्यंत घोटले, त्यात ती कॉर्नफ्लोअरची पेस्ट, मग गाळलेलं कोमट दूध धार लावून. पातेलं मंद आचेवर चढलं आणि लाकडी चमचा माझ्या हातात आला.

"रमेना, रमेना!" इआया म्हणाली.

मी चमकून पाहिलं. हिला कसं कळलं? कॅटलानमध्ये त्याचा अर्थ 'ढवळ' असा होतो हे नंतर समजलं. आणि पाठोपाठ "पोक अ पोक", म्हणजे हळूहळू. उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर अंडं फाटतं. बासुंदी आटवणाऱ्या घरात वाढलेली मी, हे का मला सांगायचं? मी ऐटीत एका हाताने फोन उचलला, फोटो काढला, आणि तेवढ्यात तळाशी गुठळ्या! इआयाने मुकाट्याने चाळणी आणली. गुठळ्या गाळल्या गेल्या, माझी ऐटही.

चमच्याच्या पाठीवर जाड थर बसला की गॅस बंद. मग पसरट मातीच्या वाट्यांत ओतून गार करायचं. क्रेम ब्रूले म्हणजे हेच ना, असं विचारल्यावर बाई फुरफुरल्या. फ्रेंचांची साय आणि ओव्हन. इथे दूध आणि गॅस, व्हॅनिलाच्या जागी लिंबू-दालचिनी. मला विचाराल तर हेच हलकं लागतं.

खरी मजा जेवणानंतर. लांब दांड्याची गोल लोखंडी चकती गॅसवर लाल केली, वाटीतल्या क्रेमावर साखर भुरभुरली आणि चकती टेकवली. चर्र! धुराचा लोट, खिडक्या सताड उघड्या, आणि वर काचेसारखा तपकिरी पापुद्रा. चमच्याने टक्क केलं की तडा जातो. तिथल्या तिथे खायचं; थांबलात तर साखरेला पाणी सुटतं.

पुण्यात ती चकती कुठून आणणार? लिंबाचा प्रश्न ईडलिंबाने सोडवला, त्याची साल जाड. साखर जाळायला घेतली फोडणीची लोखंडी पळी. लाल करून तिची पाठ टेकवली. पापुद्रा ठिगळासारखा झाला, पण वाजला!

पळी मी राख लावून घासली होती, देवाशप्पथ. तरी दुसऱ्या दिवशी जेवताना सासूबाईंनी भुरका मारला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "आज आमटीत गूळ जरा जास्तच पडलाय का गं?"