500 डॉलरची गाडी आणि हिशेबाची वही

कोल्हापुरात आमचं घर शिवाजी उद्यमनगरच्या जवळ. लेथ आणि वेल्डिंगचे आवाज ऐकतच मोठा झालो, त्यामुळे गाडी खोलून पुन्हा जोडण्याची भीती कधी वाटली नाही. शर्यतीत गाडी चालवणं मात्र पैसेवाल्यांचं काम, असंच वाटायचं. कॅलिफोर्नियात नोकरीला आल्यावर ‘24 अवर्स ऑफ लेमन्स’ कळली आणि हा समज मोडला.

अमेरिकेत ‘लेमन’ म्हणजे खटारा गाडी. जे लॅम यांनी 2006 मध्ये अशा गाड्यांची ही लांब पल्ल्याची शर्यत सुरू केली. ठरलेल्या वेळात ज्याच्या फेऱ्या जास्त, तो पुढे. मूळ नियम सोपा: गाडी आणि तिच्यावर केलेला खर्च मिळून 500 डॉलरच्या आत. वर गेलात तर प्रत्येक 10 डॉलरमागे एक फेरी दंड, म्हणजे शर्यत सुरू व्हायच्या आधीच तेवढ्या फेऱ्या उणे. जुने भाग काढून विकले तर ते पैसे वजा करता येतात. पिंजरा (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी नळ्यांची चौकट), सीट, पट्टे, ब्रेक, चाकं, टायर या सुरक्षेच्या गोष्टी मर्यादेबाहेर. मला ही तरतूद सगळ्यात शहाणी वाटते. ब्रेकवर पैसे वाचवून कोणी जिंकावं, असं नियमालाच वाटत नाही.

आम्ही चौघं होतो. 1997 ची सॅटर्न एसएल2 आम्ही 450 डॉलरला घेतली. 1.9 लिटरचं इंजिन, प्लास्टिकचे दरवाजे. ती तेल पिते हे आधीपासून ठाऊक होतं. सीटा, टेप आणि मूळ चाकं विकून 140 आले. वहीत 310 उरले. पिंजरा, सीट, पट्टे, अग्निशामक, आगरोधक सूट यांवर मात्र साडेपाच हजारांच्या आसपास गेले. स्वस्त शर्यत म्हटलं तरी हा आकडा मनात धरूनच उतरावं.

खरा वाद शॉकअपवरून झाला. आमच्यातल्या नागपूरच्या मित्राने उंची कमीजास्त करता येणारे वापरलेले शॉकअप 300 डॉलरला आणले. बसवून पाहिले, गाडी वळणात खिळल्यासारखी बसायची. किरकोळ पाइप-प्लगचे 30 धरून बेरीज गेली 640 वर.

“अरे, वहीत साठ लिही ना! कोण विचारतंय?”

“मी विचारतोय,” मी म्हणालो. दोन दिवस आमचं नीट बोलणं नव्हतं.

शेवटी त्यानेच कागद घेतला. 140 डॉलर जास्त, म्हणजे 14 फेऱ्या दंड. आमची शर्यत होती त्या थंडरहिलचा ट्रॅक सुमारे 4.6 किलोमीटरचा, आमची फेरी अडीच मिनिटांची. म्हणजे 35 मिनिटं गेली. नव्या शॉकअपने फेरीमागे फार तर दोन सेकंद वाचले असते. दोन दिवसांत 280 फेऱ्या झाल्या असं धरलं तरी कमाई सव्वानऊ मिनिटांच्या आसपास. कागदाकडे बघत तो बराच वेळ गप्प बसला आणि मग पाना आणायला उठला. जुने शॉकअप आम्ही टाकले नव्हते हे नशीब.

मला या नियमाचं मोठेपण त्या रात्री कळलं. शॉकअपला त्यात बंदी नव्हती, फक्त त्याची किंमत फेऱ्यांत मोजली होती. बंदी असती तर आम्ही पळवाट शोधत बसलो असतो. इथे गणितच आम्हाला परत घेऊन आलं. उरलेल्या पैशांतून 120 चा रेडिएटर घेतला, कारण लांब शर्यतीत गाडी तापली की सगळंच संपतं. एकूण 460. वही बंद केली.

थंडरहिल सॅक्रामेंटोच्या उत्तरेला, विलोज गावाजवळ. शुक्रवारी आधी सुरक्षेची तपासणी. पिंजऱ्याचे जोड पाहिले, पट्ट्यांवरची तारीख पाहिली, पूर्ण पोशाखात गाडीतून चटकन बाहेर पडून दाखवायला लावलं. मग चालू इंजिनावर बाहेरचा मुख्य खटका, म्हणजे गाडीची सगळी वीज तोडणारा, बंद केला. इंजिन चालूच राहिलं! बॅटरीचा जोड तुटला होता, पण अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, इंजिनाला वीज पुरवत होता. गॅरेजमध्ये आम्ही खटका तपासला होता तो इंजिन बंद असताना. अपघातात आग लागली असती तर तो खटका कुचकामी होता. तपासनिसाने शांतपणे परत पाठवलं. शेजारच्या टीमने चार टोकांचा खटका उसना दिला, एवढंच नाही, तर त्यांचा माणूस आमच्याबरोबर डॅशबोर्डखाली पडून इग्निशनची तार त्यातून फिरवायला बसला. तो आमच्याच गटात धावणार होता. दीड तासाने तपासणी पार पडली.

त्यानंतर न्यायाधीशांपुढे पैशांचा हिशेब. मी वही आणि पावत्या पुढे केल्या. त्यांनी वही चाळली, पण विश्वास ठेवला तो डोळ्यांवर. वाकून शॉकअप पाहिले, गंज पाहून मान हलवली. मग बॉनेट उघडून बोट ठेवलं ते हेडरवर, इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर.

“हे वहीत नाही.”

“मित्राने फुकट दिलं,” मी खरं ते सांगितलं.

फुकट मिळालेल्या वस्तूचीही बाजारातली किंमत धरायची असते, हे त्यांनी नीट समजावलं. नाहीतर ज्याचे मित्र श्रीमंत, तोच जिंकेल. हे मला आधी सुचायला हवं होतं. 100 धरले, बेरीज 560. सहा फेऱ्या दंड आणि सगळ्यात हळू गाड्यांचा ‘सी’ गट.

चॅम्पकार या दुसऱ्या मालिकेत प्रत्येक मॉडेलला ठरलेले गुण असतात, सुधारणांचे गुण वाढत जातात आणि मर्यादा 500 गुणांची. जुन्या गाड्यांचे भाव चढले की 500 डॉलरची अट ताणली जाते, ती अडचण तिथे येत नाही. कोष्टक स्वच्छ असतं हे मान्य. पण एखाद्या मॉडेलला कोष्टकात चुकून कमी गुण लागले की पुढच्या शर्यतीला सगळे तेच मॉडेल घेऊन येतात. मला अजून तरी बॉनेट उघडून पाहणारा माणूस बरा वाटतो.

शनिवार-रविवार गाडी धावली. दर वेळी पेट्रोल भरताना चालक बाहेर, इंजिन बंद, एक जण अग्निशामक घेऊन उभा. तेल दर थांब्याला ओतत होतो. मी एकदा वळणात दोन चाकं बाहेर घातली, काळा झेंडा मिळाला, म्हणजे ट्रॅक सोडून या असा इशारा, आणि पिटमध्ये, गाड्या थांबवायच्या जागी, जाऊन समज घेतली. रेडिएटरने दगा दिला नाही.

रविवारी संध्याकाळी निकाल लागला. खटका उसना देणारी टीम ‘सी’ गटात आमच्या एक जागा पुढे, चार फेऱ्यांनी. आमच्या दंडाच्या सहा होत्या. नागपूरचा मित्र माझ्याकडे बघून काहीच बोलला नाही, वही मात्र त्यानेच मागून घेतली आणि रेडिएटरच्या खाली नवी ओळ लिहिली: हेडर, भेट, 100.

मग त्यांचा खटका परत द्यायला आम्ही दोघं निघालो.