गोळ्या मिळतात, पण कामाचं काय?
एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांसाठी चित्रकला, मणीकाम वगैरे म्हटलं की लोकांना तो टाइमपास वाटतो, मला अजिबात नाही वाटत. बॉडी मॅपिंगच बघा ना, केप टाउनमध्ये २००२ च्या सुमारास एचआयव्ही असलेल्या बायकांसोबत हे सुरू झालं, मोठ्ठ्या कागदावर आडवं व्हायचं, दुसरीने अंगाभोवती रेघ मारायची आणि मग त्या आकारात आपणच रंग भरायचे, कुठे दुखलं, कशाने बळ आलं... घरात कुणापाशी बोलता येत नाही ते तिथे उतरतं.

पण चित्राने पोट भरत नाही ना! एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधाच्या गोळ्या रोज घ्यायच्या, कायमच्या, आणि तपासणीला गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडते, मग काहीजण गोळ्याच सोडून देतात. म्हणून आपल्या सोयीने करता येईल असं काम हवं, आणि पैसे वेळेवर. माल चांगला आहे म्हणून विकला जावा, ‘एचआयव्हीग्रस्तांनी बनवलेलं’ अशी चिठ्ठी लावून दया विकू नका प्लीज, ज्याला सांगायचंय तो स्वतः सांगेल. एकत्र बसून काम केल्याने एचआयव्ही पसरत नाहीच, आणि नियमित औषधाने व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) अनडिटेक्टेबल, म्हणजे तपासणीत सापडणार नाही इतका कमी राहिला तर सेक्समधूनही लागण होत नाही, हे काम देणाऱ्यांना आधी सांगायला हवं.